भाड्याचे घर आणि दुसऱ्याच्या नावाचे प्रीपेड मीटर : बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या पश्चिम भागात १९९० च्या दशकात बांधलेली, चार मजली, बारा सदनिकांची एक इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरची दोन खोल्या-स्वयंपाकघराची सदनिका जून २०२४ मध्ये सोलापूरकडून आलेल्या एका कुटुंबाने अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घेतली. पती मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस, पत्नी घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या, सोबत शाळकरी मुलगा आणि सासूबाई. घरमालक मूळचे रावपुऱ्यातले, म्हणजे बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीतले. निवृत्तीनंतर ते पुण्यास मुलाकडे राहतात. दोन्ही पक्षांच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कागदपत्रे वाचून हिशेब लावून देण्यापुरताच माझा या प्रकरणात सहभाग होता.

ते कुटुंब आले त्या वेळी शहरात प्रीपेड स्मार्ट मीटर हा घरोघरी बोलला जाणारा विषय होता. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या वितरण सुधारणा योजनेखाली देशभर असे मीटर बसवण्याचे काम चालू आहे, आणि मे २०२४ मध्ये बडोद्यात त्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरले होते. मीटर जलद पळते, पूर्वी दोन महिन्यांना जेवढे बिल येई तेवढे आता पंधरवड्यात जाते, अशी तक्रार होती. तिच्यामागे सवयीचा भाग मोठा होता हे मान्य करावे लागते. गुजरातेत घरगुती लाइटबिल वर्षानुवर्षे दोन महिन्यांनी येत असे. वीज आधी वापरायची आणि पैसे नंतर, एकरकमी भरायचे, हीच रीत अंगवळणी पडली होती. रोज शिल्लक घटताना पाहणे हा त्यामुळे अनेकांना जाचक अनुभव वाटला. मात्र सगळ्या तक्रारी सवयीच्याच होत्या असे म्हणणेही चुकीचे ठरेल, आणि हे प्रकरण त्याचेच उदाहरण आहे.

या सदनिकेतील जोडणी मालकांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होती. नाव बदलून घेण्याचे काम वर्षानुवर्षे राहून गेले होते, आणि बिल वेळेवर भरले जात असल्याने त्यावाचून काही अडलेही नव्हते. मे महिन्याच्या सुरुवातीस जुने मीटर काढून प्रीपेड मीटर बसवले गेले तेव्हा घरात आधीचे भाडेकरू राहत होते. बसवणाऱ्या कर्मचाऱ्याने मोबाइल क्रमांक विचारला, दार उघडणाऱ्याने आपला सांगितला, आणि तोच नोंदला गेला. पंधरा दिवसांनी ते भाडेकरू घर सोडून गेले.

अडचण

किल्ली देताना मालकांनी ग्राहक क्रमांक लिहून दिला आणि फोनवर सांगितले, "यात पैसे टाकले की झाले. बिलाची कटकट नाही, ऑफिसात जायला नको." रंगकामाच्या वेळी त्यांनी स्वतः भरलेले पाचशे रुपये संपून गेले होते; ते रंगाऱ्यांनी वापरले असतील असे त्यांनी गृहीत धरले.

सोलापुरात या कुटुंबाचे बिल महिन्याला दोन हजारांच्या आत असे. त्या हिशेबाने त्यांनी १ जूनला दोन हजार रुपये भरले. पंधरवडाही उलटला नव्हता तोच गॅसचे बिल भरण्याकरिता फोन उघडला असता पत्नींना सहज विजेची शिल्लक दिसली. ती जेमतेम साठ रुपये उरली होती. त्यांनी पुन्हा दोन हजार भरले. बाहेर उन्हाळा संपत नव्हता, घरात पहिल्यांदाच एसी आला होता, शिवाय शहरभर मीटरच्या गोष्टी चालू होत्या. अशा स्थितीत "इथली वीजच महाग" हे स्पष्टीकरण पुरेसे वाटणे स्वाभाविक होते.

महिनाअखेरीस एका कामाच्या दिवशी, सकाळी शिकवणी चालू असताना, वीज गेली. शेजारी वीज होती. बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने मुख्य स्विच उघडून, वायरी तपासून फ्यूजची शंका व्यक्त केली. दुपारी कोणाच्या तरी सांगण्यावरून शिल्लक पाहिली तेव्हा ती उणे होती. पैसे भरल्यानंतर काही वेळाने पुरवठा आपोआप सुरू झाला. त्या एका महिन्यात सुमारे ४,१०० रुपये खर्ची पडले होते, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून थोडे अधिक.

शिल्लक कमी झाल्याचे, वीज तुटणार असल्याचे संदेश या कुटुंबाला आलेच नाहीत. ते पाठवले गेले होते, पण आधीच्या भाडेकरूंच्या फोनवर. येथे नियमांतील एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. परंतु ग्राहक हक्कांसंबंधीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत असे म्हटले आहे की प्रीपेड मीटरमधील रक्कम संपल्यावर पुरवठा आपोआप बंद होणे ही तोडणी मानली जाणार नाही. त्यामुळे दारावर चिकटणारा कागद गेला आणि त्याच्या जागी फोनवरचा संदेश आला. ज्याच्याकडे नोंदलेला क्रमांक नाही त्याला कोणतीच पूर्वसूचना मिळत नाही, मग तो कितीही वेळेवर पैसे भरणारा असो.

वीज कंपनीच्या ॲपमध्ये रोजची कपात, युनिटे, आकार असे सगळे दिसते, हे कुटुंबाला तेव्हा कळले. पण ॲपमध्ये शिरण्यासाठी लागणारा ओटीपीही त्याच जुन्या क्रमांकावर जात होता. पैसे भरायला मात्र केवळ ग्राहक क्रमांक पुरत होता. खाते एका मृत व्यक्तीचे, संदेश निघून गेलेल्या माणसाला आणि पैसे तिसऱ्याचे, अशी ही विभागणी होती. माझ्या मते बाकीच्या सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून वाढल्या. मीटर बरोबर की चूक हा प्रश्न तिच्यानंतर येतो.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरात चर्चा झाली तेव्हा पतींचा कल तक्रार करण्याकडे होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली असून तीनुसार मीटरचे वाचन वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरे, पडताळणीचे मीटर बसवावे आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करावी, अशी तरतूद आहे. त्याप्रमाणे त्यांनी अर्जही लिहिला. तो अर्ज घेऊनच ते माझ्याकडे आले होते.

तो तूर्त देऊ नये असे मी सुचवले, आणि त्याची कारणे दोन होती. पहिले, अर्ज नोंदणीकृत ग्राहकाच्या नावाने जायला हवा होता आणि तो ग्राहक हयात नव्हता. म्हणजे आधी नावबदल, मग तक्रार, मग तीन महिने. दुसरे कारण अधिक वजनाचे होते. पडताळणीचे मीटर एवढेच सांगू शकते की पहिले मीटर आपल्यातून गेलेली वीज बरोबर मोजते की नाही. मीटरच्या पुढे ती वीज कोण वापरते, आणि खात्यातून विजेव्यतिरिक्त आणखी काय वजा होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. मीटर निर्दोष असल्याचा दाखला हाती आला असता आणि खर्च होता तेवढाच राहिला असता.

दुसरा पर्याय त्या इलेक्ट्रिशियनने देऊ केला होता. "सील हलवून देतो, कोणाला कळणार नाही," असे तो म्हणाला. पत्नींनी त्याला तेथूनच परत पाठवले. मीटरशी छेडछाड हा कलम १३५ खाली वीजचोरीचा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि स्मार्ट मीटरचे झाकण उघडल्याची नोंद मीटर स्वतःच करून ठेवते. तरीही हा पर्याय येथे लिहिला आहे, कारण भाडेकरूंना तो फार सहज देऊ केला जातो आणि घर आपले नसल्याने त्यांना तो कमी जोखमीचा भासतो.

तिसरा पर्याय भाड्यातून परस्पर रक्कम कापण्याचा. तो भांडणाचा मार्ग होता, आणि किती कापायचे याचा आकडाही हाती नव्हता. चौथा पर्याय म्हणजे भाडेकरूने स्वतःच्या नावे जोडणी मागणे. कायद्याच्या कलम ४३ मध्ये वीजपुरवठा मागण्याचा हक्क मालकाप्रमाणेच जागेचा वापर करणाऱ्यालाही आहे, आणि प्रीपेड मीटर घेण्यास तयार असलेल्याकडून कलम ४७ नुसार सुरक्षा अनामत मागता येत नाही. कागदावर हा मार्ग सरळ दिसतो. पण त्याच जागेतली आधीची जोडणी आणि मालकांची नाहरकत आड येत होती, आणि अकरा महिन्यांच्या वास्तव्यासाठी एवढा खटाटोप करणे व्यवहार्य नव्हते.

उरलेला मार्ग सर्वांत कंटाळवाणा होता. आधी खाते पाहण्याची सोय करून घ्यायची, रोजची नोंद ठेवायची, आणि मगच कोणावर बोट ठेवायचे.

केलेली कार्यवाही

पत्नींनी एका वहीत रोज सकाळी तळमजल्यावरच्या मीटरचे वाचन लिहायला सुरुवात केली. मीटरच्या पडद्यावर एकामागून एक आकडे फिरतात. त्यांतला एकूण युनिटांचा आकडा ओळखायला पहिले दोन दिवस गेले. सरासरी रोज चौदा युनिटे पडत होती. एसी, चार पंखे, फ्रिज, पाण्याचा फिल्टर आणि दिवे यांचा हिशेब उदार हाताने केला तरी अकराच्या पुढे जात नव्हता. हा फरक एवढाही मोठा नव्हता की मीटर वेडे झाले म्हणता यावे, आणि एवढा लहानही नव्हता की दुर्लक्ष करावे.

निर्णायक पुरावा अनपेक्षितपणे मिळाला. १७ जुलैला आषाढी एकादशी होती. सासूबाईंची पंढरपूरची वारी चुकू नये म्हणून सगळे कुटुंब चार दिवस गावी गेले. पावसाळ्यात घर बंद राहणार म्हणून फ्रिज रिकामा करून घरातला मुख्य एमसीबीच, म्हणजे सगळ्या घराची वीज तोडणारा खटका, खाली पाडला होता, आणि निघताना नेहमीप्रमाणे वहीत वाचन लिहिले होते. परत आल्यावर मीटर बारा युनिटे पुढे गेलेले दिसले, आणि शिल्लक रोज चाळीस ते पन्नास रुपयांनी घटलेली होती. घरातला विजेचा मार्ग तुटलेला असताना ही बारा युनिटे घराबाहेरच कोठे तरी खर्च झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एक साधी चाचणी केली. घरातला एमसीबी बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहिला. या मीटरवर प्रत्येक युनिटास १६०० स्पंदने, म्हणजे तितक्या वेळा लुकलुकणे, असे छापलेले होते. पावणेसहाला दिवा जवळपास स्थिर होता. सहाच्या सुमारास तो मिनिटाला सव्वीस-सत्तावीस वेळा लुकलुकू लागला, म्हणजे सुमारे एक किलोवॅटचा भार चालू झाला होता. त्याच वेळी इमारतीच्या मागच्या बाजूने पाणी चढवण्याच्या मोटरचा आवाज येत होता.

यानंतरचा फोन मालकांना होता, आणि तो सोपा नव्हता. "काका, मीटर आमचं नाही, पण पैसे आमचे जातायत. खातं बघायला तरी मिळू द्या," असे त्या म्हणाल्या. मालकांचे पहिले उत्तर अपेक्षित होते : "अहो, वीज वापरणार तुम्ही, भरणार तुम्ही, त्यात मी काय बघायचं?" पण मोटरची गोष्ट ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. आधीच्या भाडेकरूंशी त्यांचे संबंध चांगले होते. त्यांनीच फोन लावून ओटीपी मिळवला, ॲप उघडले आणि नोंदणीतला मोबाइल क्रमांक बदलून घेतला. नियमाने पाहता हा बदल ग्राहकाच्या अर्जावरून कार्यालयात व्हायला हवा होता. कार्यालयात विचारणा केली तेव्हा ग्राहक हयात नसल्याने आधी नावबदल करा असे उत्तर मिळाले होते, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

क्रमांक कोणाचा टाकायचा यावर थोडी चर्चा झाली. मालकांचा टाकला तर तो भाडेकरू बदलले तरी कायम राहतो, पण संदेश पुण्यात वाजतात आणि वीज बडोद्यात जाते. भाडेकरूंचा टाकला तर घर सोडताना पुन्हा हीच वेळ येऊ शकते. शेवटी भाडेकरूंचा क्रमांक टाकला आणि किल्ली परत करताना तो बदलून द्यायचा, असे दोघांनी लिहून ठेवले.

खाते उघडल्यावर काय दिसले

जूनचा खर्च आता तीन भागांत वाटता आला. कुटुंबाचा स्वतःचा वापर सुमारे ३३० युनिटांचा, म्हणजे २,७०० रुपयांच्या आसपास होता. मूळ अंदाज दोन हजारांचा होता. एसीची किंमत त्यांनी कमी धरली होती, आणि हे त्यांनी लगेच मान्यही केले.

दुसरा भाग मोटरचा, महिन्याला साधारण ९० युनिटांचा. येथे दरांच्या पायऱ्या महत्त्वाच्या ठरतात. शहरी घरगुती दर पहिल्या ५० युनिटांना ३.०५ रुपये, पुढच्या ५० ना ३.५०, त्यापुढच्या १५० ना ४.१५ आणि २५० च्या वर ५.२० असे होते. त्यावर इंधन अधिभार आणि १५ टक्के वीज शुल्क. घरचा वापरच २५० ओलांडत असल्याने मोटरची सगळी युनिटे सर्वांत वरच्या पायरीवर पडत होती, आणि एकेका युनिटास सव्वानऊ रुपये लागत होते. महिन्याला ही रक्कम ८३० रुपयांच्या घरात जात होती.

तिसऱ्या भागाची कोणालाच कल्पना नव्हती. खात्यातून रोज वीस रुपये "मागील बाकी" म्हणून वजा होत होते. आधीच्या भाडेकरूंच्या मुक्कामातले शेवटचे दोन महिन्यांचे बिल आणि मीटर बदलेपर्यंतचा वापर मिळून ५,४०० रुपये थकले होते. मालकांच्या वडिलांनी कधी काळी भरलेली १,८०० रुपयांची अनामत त्यात वळती झाली आणि उरलेले ३,६०० रुपये रोजच्या हप्त्याने फेडले जात होते. दोन महिन्यांनी येणाऱ्या बिलाचा हा शेवटचा तडाखा : भाडेकरू गेले तेव्हा त्यांचे बिल अजून आलेले नव्हते, आणि मालकांनी घराची अनामत पूर्ण परत करून टाकली होती. बाकी माणसाला न चिकटता जोडणीला चिकटली, आणि ती पुढे आलेल्यांच्या रिचार्जमधून निघू लागली.

सोसायटीशी झालेला व्यवहार

परवानाधारक वायरमन आणि सोसायटीचे मंत्री (गुजरातेत सचिवांना असे म्हणतात) यांच्या देखत, मीटरच्या सीलला हात न लावता, वायर शोधली गेली. मीटरनंतरच्या मुख्य स्विचपासून एक फाटा थेट पाण्याच्या मोटरकडे गेला होता. काही वर्षांपूर्वी सोसायटीची सामायिक जोडणी थकबाकीमुळे बंद झाली होती, तेव्हा रिकाम्या असलेल्या या सदनिकेतून "तात्पुरती" लाइन घेतली गेली. थकबाकी तशीच राहिली आणि तात्पुरती लाइनही. मधल्या भाडेकरूंनी दोन महिन्यांच्या बिलात ती नकळत भरली होती. प्रीपेड मीटर आले नसते तर ती आणखी किती वर्षे भरली गेली असती कोण जाणे. ज्या मीटरवर संशय होता त्यानेच हा प्रकार उघडकीस आणला.

वायर सापडताच ती कापून टाकावी हे पतींचे म्हणणे न्याय्य होते. मंत्र्यांचे उत्तरही खोटे नव्हते : "बेन, मोटर बंद झाली तर बारा घरांचं पाणी बंद." त्या बारा घरांत हे कुटुंबही आले. शिवाय ते नवे होते, भाडेकरू होते, आणि जिन्यात रोज त्याच माणसांशी गाठ पडणार होती.

दुसरीकडे, एका जागेसाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या जागेत वापरणे हा कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी जोडणीच्या खात्यावर येते. सोसायटीने पैसे दिले तरी ही जोखीम संपत नाही. म्हणून "मोटर चालू द्या, दरमहा पैसे देऊ" हा मंत्र्यांचा प्रस्ताव कुटुंबाने स्वीकारला नाही. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत लेखी दिली आणि तेवढ्यापुरते मोटरच्या फाट्यावर सोसायटीच्या खर्चाने उपमीटर बसवून घेतले. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने हे पंधरा दिवसही योग्य नव्हते. मला ते तेव्हाही खटकले होते, पण बारा घरांचे पाणी एका सकाळी तोडण्याचा सल्ला मी देऊ शकलो नाही.

भरपाईच्या बाबतीत मंत्र्यांनी आधी सरसकट पाचशे रुपये देऊ केले. तोवर ॲपमधून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वापराच्या नोंदी काढता आल्या होत्या. सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळी उठणारा अर्ध्या युनिटाचा चढ रोज तसाच होता, आणि आषाढीच्या चार दिवसांत तर त्याखेरीज आलेखात काहीच नव्हते. तो कागद पुढे ठेवल्यावर युनिटांवर वाद उरला नाही, दरावर राहिला. कुटुंबाचे म्हणणे सव्वानऊ रुपयांचे, सोसायटीचे म्हणणे सरासरी दराचे. आठ रुपयांवर समेट झाला. जून, जुलै आणि ऑगस्टचे काही दिवस मिळून १९५ युनिटांचे १,५६० रुपये रोखीने, पावतीसह मिळाले. आधीच्या भाडेकरूंनी भरलेल्या रकमेचा विषय कोणीच काढला नाही.

निष्पत्ती

सोसायटीने थकबाकी भरून आपली सामायिक जोडणी मुदतीच्या आत सुरू करून घेतली आणि मोटरचा फाटा काढून टाकला. मालकांनी मागील बाकी आपली असल्याचे मान्य केले. जून-जुलैचे १,२०० रुपये भाड्यातून वळते झाले आणि नोव्हेंबरच्या मध्यास बाकी फिटेपर्यंत दरमहा सहाशे रुपये कमी घेण्याचे ठरले. त्यांना याचे वाईट वाटले, कारण ज्यांनी ती वीज वापरली त्यांना त्यांनी अनामत परत दिली होती. पण ती वसुली त्यांनाच शक्य होती, नव्या भाडेकरूंना नव्हे.

सप्टेंबरपासून कुटुंबाचा खर्च वापराच्या प्रमाणात आला. एसी बंद झाल्यावर तो दोन हजारांच्याही खाली गेला. शिल्लक तीनशेच्या खाली येऊ द्यायची नाही आणि सुट्टी लागण्याआधी रिचार्ज करायचा, एवढाच नियम त्यांनी ठेवला. पडताळणीच्या मीटरचा अर्ज दिला गेला नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णयबिंदू जूनच्या मध्यावर होता. पहिले दोन हजार पंधरवड्याच्या आत संपले तेव्हाच वही सुरू झाली असती तर जूनअखेरचा खंड टळला असता. पण त्याहून आधीचा, आणि अधिक स्वस्त, क्षण किल्ली घेण्याचा होता. मीटरचे त्या दिवसाचे वाचन, खात्यातली शिल्लक किंवा उणे रक्कम, मागील बाकीचा हप्ता चालू आहे का, आणि संदेश कोणाच्या फोनवर जातात, हे चार प्रश्न तेव्हा विचारले गेले असते तर मोटर सोडून बाकी सर्व उलगडले असते. मालकांपुरते बोलायचे तर रंगकामाचे पाचशे रुपये कसे संपले, हे त्यांना तेव्हाच विचारता आले असते. रंगारी दिवसाच्या उजेडात काम करतात आणि एसी लावत नाहीत.

अनामतीचा हिशेबही मालकांनी घाईत केला. दोन महिन्यांच्या बिलाच्या काळात भाडेकरू निघाला की शेवटचे वाचन करून अंदाजी रक्कम राखून ठेवणे ही जुनी पद्धत होती, आणि ती पाळली गेली नाही. प्रीपेडमध्ये ही अडचण उलट होते : निघणाऱ्या भाडेकरूची शिल्लक खात्यात राहून जाते. मे २०२५ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा येताना आणि जाताना मीटरचे वाचन व शिल्लक दोघांच्या सहीने लिहावी, शिल्लक मालकाने भाडेकरूस रोख द्यावी, आणि कराराआधीची कोणतीही बाकी मालकाची राहील, अशी कलमे त्यात आली.

उपमीटरच्या पंधरा दिवसांबाबत माझे मत आजही पक्के नाही. त्या काळात तपासणी झाली असती तर लेखी मुदत आणि पावत्या भाडेकरूच्या सद्हेतूचा पुरावा ठरल्या असत्या, पण आकारणी टळली असती असे नाही. सोसायटीने टँकर मागवून त्याच दिवशी फाटा तोडणे अधिक सुरक्षित होते, आणि हा पर्याय त्या वेळी कोणीच मांडला नाही, मीही नाही.

जोडणीवरचे नाव बदलण्याचा अर्ज मालकांनी दिला आहे. त्यासाठी सर्व वारसांची संमती लागते, आणि परगावी असलेल्या एका बहिणीची सही यायची आहे. ती येईपर्यंत खाते वडिलांच्याच नावावर राहील आणि संदेश भाडेकरूंच्या फोनवर येत राहतील.